सोळा बटणांवरची धवलारीण

परवा माझ्या पुतण्याने चहाला उकळी येईपर्यंत एका गाण्याचे बत्तीस तुकडे केले. मित्राच्या हळदीत वाजवायचं होतं म्हणे. मोबाइलवर बोट फिरवलं, गाण्याची लांबच लांब रेघ पडद्यावर आली, कुठे कापायचं ते यंत्राने आपणहून शोधलं आणि तुकडे पाडून ते मोकळं झालं. "काका, तुमच्या वेळी याला किती वेळ लागायचा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "एक लगीनसराई." त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. चहा गाळून आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

माझ्यापुरता विषय गेला नाही. वैशाख लागला आहे. औद्योगिक वसाहतीवरचं आभाळ पांढुरकं झालंय, दुपारी डांबर चपलेला चिकटतंय आणि मांडवाचे खांब नि खुर्च्या भरलेले टेम्पो रस्त्याने पळतायत. मनोर-मासवणकडून आलेल्या बाया पानांच्या द्रोणात करवंदं मांडून स्टेशनबाहेर बसल्या आहेत. दरवर्षी हे असंच असतं, आणि दरवर्षी या दिवसांत मला माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतल्याचा भास होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी आयुष्यभर प्रेशर गेज आणि तापमापकं दुरुस्त केली. काटा हलला तर तो का हलला हे शोधायची मला खोड आहे. हा श्वास कुणाचा ते मला चांगलं ठाऊक आहे. तो जानकीबायचा आहे, आणि तो मीच एकदा कापून काढला होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. वडील साताऱ्याकडून अणुवीज केंद्रातल्या नोकरीसाठी इकडे आले, त्यामुळे मी वाढलो कॉलनीत, आणि पुढे वसाहतीतल्या रसायनांच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागलो. सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. त्या ऑर्केस्ट्राच्या मालकाने मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओतून निघालेला एक सॅम्पलर आणला, आणि तो कुणालाच चालवता येईना म्हणून माझ्या गळ्यात मारला. सॅम्पलर म्हणजे टाइपरायटरएवढा करडा डबा. कुठलाही आवाज त्याच्या पोटात भरायचा, हवा तिथे कापायचा आणि एकेक तुकडा एकेका रबरी बटणाला बांधून टाकायचा. बटण दाबलं की तेवढा तुकडा वाजतो. अशी सोळा बटणं. पडदा दोन ओळींचा, हिरवट. त्याच्या आठवणीत जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आवाज मावायचा, आणि लाईट गेली की तेवढंही तो विसरायचा. म्हणून सगळं फ्लॉपीवर साठवायचं आणि लागेल तेव्हा फ्लॉपी घालून तिची करकर ऐकत बसायचं. मी त्यात ढोलकीचे नि टाळ्यांचे तुकडे भरून ठेवले होते. ऑर्केस्ट्रात माझा भाव वधारला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

रघुनाथ आमच्या कारखान्यात बॉयलरवर होता. घिवलीचा. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, पण कारखान्यात अरे-तुरे चालायचं. घरचा धंदा मासेमारीचा. धाकटा भाऊ केशव वादळात होडीसकट गेला, मिळालाही नाही, तेव्हापासून आईने रघुनाथला समुद्रावर जाऊ दिलं नाही आणि हा कारखान्यात आला. ही हकिगत त्याने मला एकदा चहा पिताना सांगितली होती, भट्टीच्या झरोक्याकडे बघत. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

त्याची आई जानकीबाय म्हणजे घिवलीतल्या त्यांच्या आळीची धवलारीण. लग्नाला भटजी असतोच, पण मांडवाचा पहिला खांब रोवणं, हळद दळणं, नवरीला न्हाऊ घालणं, हे सगळं चालतं ते धवलारणीच्या गाण्यावर. त्या लांबलचक गाण्याला धवला म्हणतात. एक ओळ तिने म्हणायची, मग तीच बायांनी दोनदा. तिने ओळ उचलल्याशिवाय कुणी हळदीला हात लावत नाही, आणि हातातलं काम उरकल्याशिवाय ती पुढची ओळ उचलत नाही. चाळीस वर्षं त्या आळीतलं एकही लग्न जानकीबायशिवाय लागलं नव्हतं. आणि आदल्या वर्षी गणपती झाल्यावर तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

फाल्गुनात एकदा कँटीनमध्ये रघुनाथ माझ्यासमोर ताट घेऊन बसला. जेवेना. भात नुसताच चिवडत राहिला.

"मास्तर, नयनाचं लगीन ठरलंय. वैशाखात." नयना त्याची थोरली मुलगी. ऑर्केस्ट्रामुळे सगळे मला मास्तर म्हणत.

"मग तोंड असं का?"

"पोरगी म्हनते, आजीचा धवला नसंल तर हलद लावून घेनार नाय. दुसरी धवलारीण आनतो म्हटलं तर रडते. टेप हाय एक आईची, चुलतभावाच्या लग्नातली. तुज्या डब्यात घालता येल काय?"

"टेप आहे तर टेपच लाव की."

"टेप थांबत नाय रं," तो म्हणाला. "आन् नावं हायेत ना त्यात. ती दुसऱ्या घरची."

मला त्यातलं पहिलं पटकन कळलं. टेप आपल्या चालीने चालते. हळद लागायची राहिली तरी ती पुढे जाते. डबा मात्र थांबू शकतो. एक ओळ वाजवायची, बाया ती घोळवतील, तोवर मी दुसरी फ्लॉपी चढवीन, त्यांच्या हातातलं काम उरकलं की पुढचं बटण. मी लगेच हो म्हटलं. दुसरं, नावांचं, मला कळलं असं वाटलं. ते कळलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझी पहिली पाळी होती. तीनला सुटायचो, साडेतीनला बोईसरच्या खोलीत. वसाहतीचा वास आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि पंखा बंद, कारण पंखा लावला की व्होल्टेज पडायचं नि डबा सगळं विसरायचा. बनियनवर बसून कानाला हेडफोन लावायचे. घाम त्यांच्या गादीत मुरून ती फुगली होती. पाऊण तासाची ती टेप मी इतक्यांदा मागेपुढे केली की शेवटी शेवटी मला जानकीबायच्या गाण्यापेक्षा तिच्या मागे आरवणारा कोंबडा जास्त पाठ झाला. कोंबडा कापायचा, कुणाच्या तरी लेकराचं रडणं कापायचं, खोकला कापायचा. आवाज काळजीपूर्वक कापावा लागतो. तो वरखाली हलत असतो. हलता हलता मधल्या रेघेवर येतो, तिथेच सुरी चालवायची, नाहीतर जोडावर 'टक्' असं वाजतं. पडद्यावर रेघ दिसत नसे, नुसते आकडे. डब्यावरचं चक्र एक घर फिरवायचं, ऐकायचं, पुन्हा एक घर. एक ओळ नीट सुटी करायला कधीकधी सबंध दुपार जायची.

आणि ती बाई मधल्या रेघेवर यायलाच तयार नसे. ओळ संपता संपता बाया झेलायच्या, त्यांची संपायच्या आत हिची पुढची सुरू. कुठे शांतता म्हणून नाही. जिथे थोडी सापडायची तिथे तिचा श्वास असायचा, मोठा, नाकातून ओढलेला, समोरच्या बायांना ऐकू जाईल असा. जागा वाचवायची म्हणून मी ते श्वास कापून टाकले. अर्धा सेकंद इथे, पाऊण तिथे. डब्यात जागाच तेवढी होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. शब्द राहिले, सूर राहिला, आणखी काय हवं?

पहिल्या चार फ्लॉप्या झाल्यावर डबा पोत्यात गुंडाळून एसटीने घिवलीला घेऊन गेलो. उन्हात सुकत टाकलेल्या बोंबलांचा वास, ते टांगायच्या बांबूच्या वलांड्या, पलीकडे केंद्राची उंच चिमणी, आणि ओट्यावर लाकडी खुर्चीत बसलेली जानकीबाय. डाव्या हातात काठी. कावळा माशांवर उतरला की ती काठी आपटायची. मला बघून तिने अर्ध्या तोंडाने हसल्यासारखं केलं. मी नमस्कार केला आणि आत गेलो.

आतल्या खोलीत दार लोटून आम्ही तुकडे ऐकले, अगदी बारीक आवाजात. "आईला नको कळू देव," रघुनाथ म्हणाला होता, "आपलाच आवाज असा आयकून तिच्या जिवाला लागंल. एकदम मांडवातच आयकू दे." त्या घरात तेव्हा सगळेच हळू बोलत. तिच्यासमोरून जाताना चाल हळू, भांडं ठेवायचं ते हळू. आणि बोलणं भूतकाळातलं: आई असं म्हणायची, आईला हे आवडायचं. ओट्यावर काठी आपटत असायची. मला त्या वेळी ते सगळं फार शहाणपणाचं, मायेचं वाटलं होतं, आणि माया त्यात होतीच.

नयनाने तुकडे ऐकले. वीस वर्षांची, तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी, बोलायला फटकळ मुलगी. डोळे पुसून म्हणाली, "आवाज आजीचाच हाय. पन आजी दम घेत नाय का?"

मी परत येऊन पुन्हा ऐकलं आणि मला कसंतरीच झालं. इतके दिवस मी ते माणसाचं गाणं म्हणून ऐकत होतो, आणि त्यात माणूस नव्हतं. एका ओळीवर दुसरी ओळ, दुसरीवर तिसरी, न थांबता, न थकता. मग मी टेपवरून तिचा एकच चांगलासा श्वास काढला आणि तो प्रत्येक ओळीच्या आधी चिकटवला. सगळीकडे तोच एक. लग्नात कुणाच्या लक्षात आलं नसावं. मला मात्र तो पाठ झाला तो कायमचा.

नावांची फ्लॉपी मी सगळ्यात शेवटी ठेवली होती, कारण ते काम सर्वांत किचकट होतं. हळद लागायच्या आधी धवलारीण एकेक नाव घेऊन मांडवात बोलावते: "मांडव घातला दारी, ये गो ये". टेपवर प्रत्येक नावानंतर एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज यायचा, "आला", नाहीतर "आली". मी ती उत्तरं कोंबड्याबरोबरच कापून टाकली. मला वाटलं, कुणीतरी हौशी म्हातारा मध्ये मध्ये बोलतोय. आमच्याकडे लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावं छापतात, तसंच हे, घरच्या मोठ्यांचा मान. रघुनाथने लॉगशीटच्या पाठीमागे नावं लिहून दिली: धर्मा, हिराबाय, पांडू, केशव. आता ही नावं तिच्या तोंडून टेपवर कुठून मिळणार? अक्षर अक्षर जमवलं. 'केशव'मधला 'के' मी केळीच्या खांबाच्या ओळीतून काढला; हे नाव कुणाचं, हे अक्षरं जुळवायच्या नादात मला आठवलंही नाही. 'धर्मा'ला तीन ठिकाणचे तुकडे लागले. चार नावांना आठ दुपारी गेल्या.

आणि काम संपवताना माझ्या लक्षात आलं की यादीत जानकीबायचंच नाव नाही. घरातली सगळ्यात मोठी बाई, आणि तीच राहिली! मी म्हटलं, बघा, रघुनाथ लिहिण्याच्या घाईत स्वतःच्या आईला विसरला. टेपवर रामाच्या लग्नाची ओळ होती, तिच्यात ती 'जानकी' असं म्हणते, लांब, स्वच्छ, मागे कोंबडा नाही की लेकरू नाही. सबंध टेपमधला सर्वांत देखणा तुकडा. त्याला 'बाय' जोडलं. केशवनंतर, सगळ्यात शेवटी, मानाने ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तिच्याच आवाजात तिला मांडवात बोलावलं तर बाईला किती बरं वाटेल. ती पाच नावं मी एका माळेत ओवली, म्हणजे बटण एकदा दाबायचं, प्रत्येक नावानंतर बायांपुरती जागा सोडलेली, आणि माळ आपली आपण पुढे सरकायची. त्या दिवशी दुपारी मी स्वतःवर इतका खूश होतो की नाक्यावर जाऊन दोन ताडगोळे जास्त खाल्ले.

मधे एवढी वर्षं गेली. जानकीबाय आता नाही. त्या लग्नानंतर बरेच पावसाळे बघून, आपल्या वेळेला गेली. अकरा फ्लॉप्या माझ्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात आहेत. इथल्या दमट हवेने त्यांना बुरशी धरली आणि त्यातली एकही आता कुठल्या यंत्राला उघडत नाही. पुतण्या म्हणतो, शहरात कुणीतरी असतं, अशा फ्लॉप्यांतूनही काढून देतं. मी हो-हो म्हणतो आणि डबा परत माळ्यावर ठेवतो. माणसाला तोडून तोडून जपता येतं का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. मी तरुण होतो, आणि हातात सुरी चांगली चालत होती. ज्याला काही कापता येतं, त्याला सगळंच कापण्याजोगं दिसतं. कारखान्यात मी बिघडलेलं गेज पाइपावरून सोडवून टेबलावर आणायचो, तसाच तिचा आवाज तिच्यापासून सोडवून टेबलावर आणला होता. गेजमध्ये आणि यात काही फरक आहे, हे मला एका सकाळी कळलं.

हळदीची सकाळ. दारात मांडव, वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्यातून पडलेले उन्हाचे ठिपके. मांडववाल्याचा स्पीकर, मी, आणि पाटावर माझा डबा. वीज जाऊ नये म्हणून मी तीन दिवस देवाला हात जोडत होतो. जानकीबायला हिरवं लुगडं नेसवून खांबापाशी खुर्चीत बसवलं होतं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. नयना पाटावर बसली. बाया गोळा झाल्या. रघुनाथने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी पहिलं बटण दाबलं.

श्वास आला आणि मग आवाज. बायांच्या हातातली कामं थांबली. एकीने तोंडाला पदर लावला. जानकीबायने मान वळवली, आधी स्पीकरकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्पीकरकडे. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एक क्षण असा गेला की मला वाटलं, पळून जावं. मग एका बाईने ओळ झेलली, दुसऱ्या मिळाल्या, आणि गाणं चालू झालं. मी फ्लॉप्या बदलत होतो, बाया ओळ घोळवत होत्या, हळद दळली जात होती. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग नावांची फ्लॉपी. मी बटण दाबून हात बाजूला घेतला.

"धर्मा, ये रं ये, मांडवात ये." बायांनी ओळ घेतली. आणि खांबाला धरून उभा असलेला रघुनाथ मोठ्याने म्हणाला, "आला."

मी चमकलो. टेपवरून मी कापलेलं ते उत्तर इथे जिवंत माणूस देत होता.

"हिराबाय, ये गो ये." रघुनाथ म्हणाला, "आली." पांडूला म्हणाला, "आला." मग केशव. रघुनाथचा आवाज फुटला. समुद्राच्या बाजूला बघत तो म्हणाला, "आला."

तेव्हा मला कळलं. केशव येणार कुठून? ही मेलेल्यांची नावं होती. घरात लग्न असलं की घरचे गेलेले सगळे नाव घेऊन मांडवात बोलवायचे, आणि घरच्या कर्त्याने त्यांच्या वतीने सांगायचं की आले. त्या घरात हे इतकं सगळ्यांना ठाऊक होतं की मला सांगायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी बटणाकडे हात नेला. पण माळ पुढे सरकली होती.

"जानकीबाय," जानकीबायचा आवाज म्हणाला, लांब आणि स्वच्छ, "ये गो ये, मांडवात ये."

बायांनी ओळ घेतली नाही. मी थांबायचं बटण दाबलं, पण आता थांबवायला काही उरलं नव्हतं. मांडवात इतकी शांतता झाली की वरच्या झावळ्या वाऱ्याने घासल्या त्या ऐकू आल्या. शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "अगो बाय, ह्या काय झाला." नंतर मला कुणीतरी सांगितलं की एकदा हाक मारली की उत्तर द्यावंच लागतं, दिलं नाही तर बोलावलेला दारातून परत फिरतो आणि ते घराला चांगलं नाही. त्या क्षणी मला हे माहीत नव्हतं, पण रघुनाथचं तोंड दिसत होतं. तोंड उघडं, आणि शब्द नाही. 'आली' म्हणावं, तर समोर बसलेल्या आईला स्वतःच्या तोंडाने गेलेल्यांत बसवायचं. न म्हणावं, तर मुलीच्या हळदीत हाक रिकामी जाते. नयना पाटावरून अर्धी उठली होती. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी खुशाल गेलो असतो.

काठी आपटल्याचा आवाज झाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जानकीबायने डाव्या हाताने काठी जमिनीवर टेकली होती आणि खुर्चीत ती पुढे सरकली होती. मान थरथरत होती. तिने श्वास घेतला. तो श्वास मला पाठ होता, पण हा तसा नव्हता, हा तुटका होता, मध्येच अडकलेला, आणि कुणीही कुठून कापून आणलेला नव्हता.

"हा… य," ती म्हणाली. लाळ गळली, ती तिने मनगटाने पुसली. पुन्हा जोर केला. "मी… हाय."

गणपतीपासून तिच्या तोंडून कळेल असा एक शब्द निघाला नव्हता. मग नयना पाटावरून उठली ती ओल्या पायांनी धावत जाऊन आजीच्या मांडीवर डोकं टेकून रडायला लागली, आणि बाया रडू लागल्या आणि हसूही लागल्या. जानकीबायने तिला दोनदा थोपटलं आणि मग काठीने पाट दाखवला. बस जागेवर, हळद राहिली आहे. नयना बसली. बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं बटण बंद केलं. पुढच्या ओळी त्यांनीच म्हटल्या, आठवून आठवून, एकमेकींना विचारत. कुठे चुकलं की काठी वाजायची, मग त्या मागे जायच्या. दोन फ्लॉप्या तशाच राहिल्या. हळद लागायला उशीर झाला, पण लागली.

जेवणाच्या पंगतीत मी सगळ्यात टोकाला बसलो. जेवायची इच्छा नव्हती, पण उठून जायचं धाडसही नव्हतं. ती शेजारची म्हातारी माझ्यासमोरून जाताना थांबली आणि मागच्या बायांना म्हणाली, "घाटावरच्या पोराला काय ठावं? तुमी सांगायचा होता." तेवढ्यानेही मला बरं वाटलं नाही.

रघुनाथ भात वाढत वाढत माझ्यापर्यंत आला. उकिडवा बसला. त्याचे डोळे लाल होते.

"रघुनाथ, मी तुझ्या आईला…" मी म्हणायला गेलो.

"जेव," तो म्हणाला. मग भाताचं पातेलं खाली ठेवून, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "गणपतीपासनं आमी तिच्याम्होरं हलूहलू बोलत होतो, मास्तर. आई अशी होती, आई तशी होती, करत. ती तिथंच बसून आयकत व्हती सारा. नाव घेऊन हाक कुनी मारलीच नाय रं तिला. तू चुकून मारलीस."

दोन-अडीच महिने तो आवाज माझ्या कानात होता, तिचा एकेक श्वास मी मोजून जागेवर बसवला होता, आणि ओट्यावर बसलेल्या त्या बाईपाशी एकदाही बसलो नव्हतो. ही ओळ ठेवू का, ही नावं कुणाची, असं साधं विचारलं नव्हतं. मान हलवून तिला सांगता आलं असतं. कोंबडा कापला, लेकरू कापलं, उत्तरं कापली, आणि जिला उत्तर देता येत होतं तिला वगळून सगळं केलं. मांडवाच्या त्या टोकाला नयना आजीला भरवत होती आणि आजी मान फिरवून, डाव्या हाताने, स्वतःच घास घ्यायला बघत होती. अर्धा भात लुगड्यावर सांडत होता. नयना जरा ओरडूनच म्हणाली, "आजी, सांडतंय!" आणि आजीने तिच्याकडे न बघता पुढचा घास उचलला.